गवतकाप्या रथाच्या तारांचा नकाशा मिळविल्याचे वर्तमान

॥ श्री ॥

प्रथम नमन गणरायास, ज्याचे वाहनाने ही सारी गोष्ट घडविली. दुसरे नमन गोमातेस, जिच्या पाउलांचे ठसे रोज अंगणी उमटविता उमटविता एका बाईचे बोटांस रेघेची ओळख जाहली. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन मासी, एका राज्यात जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव सांगणे नको. ज्यांचे आहे त्यांस ठाऊक आहे, आणि ज्यांस ठाऊक नाही त्यांचे नावावाचून काही अडत नाही.

त्या राज्यी राजवाड्यापुढे एक हिरवळ होती. थोरल्या महाराजांनी हौसेने लाविली आणि धाकट्या महाराजांनी प्रेमाने राखिली. सकाळी दंव पडले असता महाराज अनवाणी फिरत, आणि दसऱ्याचे दिवशी सारा दरबार तेथेच जमून आपट्याची पाने एकमेकांचे हाती देत असे. हिरवळ एवढी विस्तीर्ण की विळ्याने कापू जाता एक टोक संपेतो दुसरे गुडघ्यास लागे. म्हणोन समुद्रापलीकडून एक रथ आणविला होता. त्यास घोडे नव्हते. वर स्वार बसे, पोटाखाली पाती फिरत, आणि रथ जाई तेथे गवत मऊ गालिच्यासारखे होऊन मागे राही. त्या रथाचे स्वार सुभानराव. सुभानरावांचा डावा पाय तरुणपणी विहिरीचे काम करिताना मोडला, तो वाकडाच जोडला गेला. भुईवर चालता लंगडत, आणि लंगडताना कोणी पाहिले तर मान खाली घालीत. परंतु रथावर बसले म्हणजे पाय कोणास दिसेना. पाठ ताठ, नजर पुढे, आणि हिरवळीवर असे पट्टे उठवीत की वरून उडणाऱ्या घारीनेही थांबून पाहावे. त्यांचे कुटुंब म्हाळसाबाई, बहुत मृदुभाषी आणि व्रतस्थ. आषाढी एकादशी आली की गोपद्मांचे व्रत घेत, आणि अंगणात गाईच्या पाउलांची रांगोळी रेखिल्यावाचून चातुर्मासात तोंडात पाण्याचा थेंब घालीत नसत. आवाज असा हळू की शेजारणीस हाक मारिली तर शेजारीण म्हणे, देवघरात कोणी बोलले काय.

आता विपरीत कसे जाहले ते ऐकावे. भाद्रपदात गणपती बसले, आणि प्रसादाचे गूळखोबरे ठेवावयास कोठी पुरेना, म्हणोन पोती रथशाळेत नेऊन ठेविली. गुळाचे वासाने उंदीर आले. एरवी सापळे लागते. परंतु गणपती घरी असता त्यांच्या वाहनास सापळा लावणे त्या राज्यी महापाप मानीत. मग उंदीर निर्भय जाहले, आणि गूळ खाल्ला, खोबरे खाल्ले, तोंडास काही खमंग पाहिजे म्हणोन रथाचे बैठकीखाली शिरले आणि तेथील तारा खाल्ल्या. विसर्जन होऊन पोती हालली, पाऊस उघडला, गवत पोटरीस लागले, आणि सुभानराव मोठ्या उमेदीने रथावर बसून किल्ली फिरविते जाहले. रथ बोलेना. पुन्हा फिरविली. टक् देखील नाही. मग बैठक उघडून पाहतात तो आत उंदरांचे घर, आणि तारांची अवस्था अशी की कोणी शेवयांची परात उपडी केली आहे! लाल तुटली, पिवळी कुरतडली, काळी कोठून आली आणि कोठे जात होती त्याचा थांगपत्ता नाही. तारा पुन्हा जोडाव्या, तर कोणती कोणास, हे सांगणारा नकाशा पाहिजे. तो नकाशा रथासंगे आलेल्या पोथीत होता. आणि ती पोथी?

दरबार भरला. प्रधान त्रिंबकपंत, जे कामात चोख आणि बोलण्यात तिखट, त्यांनी सुभानरावांस पुसिले, "पोथी कोठे आहे?"

सुभानराव उभे होते ते एका पायावर भार देऊन, खाली पाहून बोलिले, "विसर्जन केली, पंत."

"विसर्जन?"

"पहिल्या दसऱ्याला सरस्वतीपूजनात मांडली होती. हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं. मग एवढं वाहिलेला कागद फडताळात कसा कोंबायचा? निर्माल्यासंगे नदीत सोडली. नमस्कार करून सोडली."

पंतांनी दरबाराकडे पाहिले की कोणी हसेल; परंतु कोणी हसेना. जो तो मनात म्हणत होता की आम्हीही हेच केले असते. मग पंतांनी दुसरी मसलत काढिली. म्हणाले, "महाराज, परमुलखात आता प्लास्टिकचे गवत निघाले आहे. अंथरले की जाहले. पाणी नको, खत नको, रथ नको. कापावे लागत नाही, कारण वाढतच नाही." आणि एक तुकडा पुढे ठेविला. महाराजांनी त्यावर हात फिरविला. गवत तर वाढतच होते, दसरा तोंडावर होता, दरबार बसवावा कोठे हा प्रश्न होताच. सरतेशेवटी आज्ञा जाहली की, दसऱ्यास रथाने हिरवळ कापिली तर हिरवळ राहील. न कापिली तर उपटून प्लास्टिक अंथरावे, आणि सुभानरावांनी वेशीच्या दरवाजाशी स्टूल टाकून येणाराजाणाराची नोंद ठेवावी. गालिच्याच्या गुंडाळ्या मागविण्याचा हुकूमही पंतांनी त्याच दिवशी सोडिला.

वेशीचे स्टूल! सुभानराव घरी आले ते पायरीवरच बसले. वेशीतून सारे राज्य जाई-येई. तेथे दिवसभर उठबस करावी लागे, आणि उठले की लंगडणे आले. म्हाळसाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "हात तरी धुवा."

"काय करू धुवून? आता या हातांनी फक्त वही धरायची."

"दसरा अजून यायचा आहे."

"तुला काय जातं बोलायला. पोथी नदीत गेली, म्हाळसे. मासे वाचत असतील."

"पोथी गेली. नकाशा कुठं जाईल? ज्यानं रथ घडवला त्यानं एकच कागद लिहिला असेल का? कुठंतरी दुसरा असेल. शोधू."

"शोधू!" सुभानराव म्हणाले, परंतु तांब्या घेतला.

मग शोध आरंभिला. सुभानरावांजवळ मोबाईल होता, ज्यात बोट फिरविले असता त्रैलोक्य दिसते. त्यात रथांचे नकाशे मागविले, तो इतके आले की डोळे फिरले. एकच कुळ, तोच हिरवा रंग, तोच चेहरा, परंतु प्रत्येकाचे पोटी तारा निराळ्या. त्यातला एक आपल्या रथासारखा वाटला म्हणोन सुभानरावांनी घाई करून तारा तशा जोडिल्या आणि किल्ली फिरविली. इंजिन काही बोलिले नाही. मात्र पुढले दोन्ही दिवे लखलखले, आणि किल्ली काढून खिशात घातली तरी विझेनात. रथशाळेपुढून जाणारे लोक भर दुपारी दिवे पाहून म्हणू लागले, "सुभानराव, कोणाचं लग्न?" शेवटी बॅटरीची तार उपटली तेव्हा दिवे शांत जाहले. सुभानराव घामाघूम होऊन बसले. म्हाळसाबाईंनी पदराने वारा घातला आणि म्हणाल्या, "अहो, एका बहिणीची पत्रिका दाखवून दुसरीचं लग्न जमवतात का? सारख्या दिसल्या म्हणून? रथाची पत्रिका त्याच्याच नावाची हवी. याचं नाव काय?"

"नाव कसलं, नंबर असतो. पाटीवर."

"मग पाटी कुठं आहे?"

सुभानरावांनी रथाचे पुढल्या बाजूस बोट दाखविले. ती पाटी रथाचे कपाळासारखी नेमकी मध्ये होती. म्हणोन दर खंडेनवमीस रथाची पूजा करिताना गंध, हळद, कुंकू, अक्षता सारे तेथेच लावीत. थरावर थर चढून त्याचे असे कवच जाहले होते की नंबर आहे की नाही हेही दिसेना. सुभानरावांनी चाकू काढिला, आणि पुन्हा मिटून ठेविला. म्हणाले, "पूजेचं गंध खरवडायचं? माझ्यानं नाही होणार."

म्हाळसाबाईंनी क्षणभर डोळे मिटिले. मग म्हणाल्या, "देवाचं गंधसुद्धा आपण रोज पुसतोच की. पुसल्याशिवाय उद्याचं लावायचं कुठं?" आणि खोबरेल कोमट करून, जुन्या धोतराचा मऊ फडका घेऊन, जसे देवास अभ्यंग घालावे तसे त्या पाटीस तेल चोळू लागल्या. कुंकू सुटले, हळद सुटली, मागल्या वर्षीचे गंध, त्याचे मागल्या वर्षीचे. फडका लाल जाहला, दुसरा घेतला. सरतेशेवटी अक्षरे उजाडली, प्रथम एक, मग दोन, मग ओळीने सारी. सुभानरावांनी मोठ्याने वाचिली आणि म्हाळसाबाईंनी पाटीस नमस्कार केला, की बाबा रे, कपाळ मोकळे केले, राग धरू नकोस.

आता नंबर हाती आला, परंतु मोबाईलच्या त्रैलोक्यात त्या नंबराचा नकाशा निघेना. मग ज्या व्यापाऱ्याने रथ विकिला होता त्यास फोन केला. व्यापारी भला माणूस; म्हणाला, "आमच्याकडचे कागद दुकान हलवताना गहाळ झाले हो, काका. पण त्या नंबराचे दोनच रथ इकडं उतरले होते. एक तुमचा. दुसरा घाटमाथ्यावरच्या संस्थानात दिला. तिथं कागद जपतात, असं ऐकलंय. जरा जास्तच जपतात."

हे ऐकोन म्हाळसाबाईंनी पहाटे उठून गोपद्मे रेखिली, प्रवासास दशम्या बांधाव्या तशी भाकरी बांधिली, आणि नवरा-बायको लाल एसटीत बसून घाटमाथ्यास निघाले. संस्थान गडावर होते आणि गडास पायऱ्या होत्या. त्या पायऱ्या पाहून सुभानराव उभे राहिले. म्हाळसाबाईंनी पायऱ्यांकडे पाहिले नाही आणि त्यांच्या पायाकडेही पाहिले नाही. म्हणाल्या, "तुम्ही इथं पाणपोईपाशी बसा. सावली चांगली आहे. मी जाऊन येते."

"एकटी जाशील? तुला तारांतलं काय कळतं?"

"नाहीच कळत. पण पाहून तर येते."

दरवाजावर पहारेकऱ्याने सुभानरावांनी संगे दिलेला मोबाईल ठेवून घेतला, संस्थानची रीत. आत दफ्तरखान्यात गंगाधरपंत दफ्तरदार बसले होते, अंगाने कृश, डोळ्यांनी प्रेमळ, परंतु हुकुमाचे पक्के. म्हाळसाबाईंनी सारे सांगितले, पोथी नदीत कशी गेली तेही सांगितले. पंत हळहळले. कपाट उघडून, रेशमी फडक्यातून त्याच नंबराची पोथी काढिली आणि शेवटले पान उलगडिले. ते घडी घातलेले मोठे पान होते. "हा तुमचा नकाशा. पाहा खुशाल, हवा तेवढा वेळ पाहा. पण बाई, छबी काढायची नाही, नक्कल उतरवायची नाही, आणि कागद गडाखाली जायचा नाही. सरकारचा हुकूम आहे. मागं एकदा कागद दिले होते, ते आजवर परत आलेत."

"आलेत? मग बरं झालं की."

"आलेत म्हणजे अजून येतच आहेत," पंत म्हणाले, आणि कपाळास हात लाविला.

म्हाळसाबाई पानासमोर बसल्या. प्रथम तर कोळ्याने जाळे विणून मध्येच सोडून दिले असावे, तसे दिसले. मनात आले, त्यांचे वेशीचे स्टूल आता माझ्याने चुकत नाही. मग सवयीप्रमाणे त्यांनी रेघा पाहणे सोडिले आणि ठिपके पाहिले. जेथे तारेस तार मिळते तेथे ठिपका होता. ठिपका दिसला की बाईमाणसाची भीती जाते. बॅटरीचे घर खाली डावीकडे. त्यातून लाल रेघ वर चढते, फ्यूजच्या दारातून जाते, किल्लीपाशी येते. किल्लीपाशी ठिपक्यांचा झुबका. तेथून एक पिवळी ब्रेकच्या पायाशी जाऊन वळते, एक पांढरी बैठकीखालून फिरून येते, आणि काळ्या रेघा खाली उतरून जमिनीस टेकतात. म्हाळसाबाईंचे बोट हवेत फिरू लागले.

"हे काय?" गंगाधरपंत दचकले. "नक्कल करताय?"

"नाही हो. बोटाला सांगतेय."

पंतांनी हुकुमाचा कागद काढिला, चष्मा लाविला आणि वाचिला. "बोटाला सांगायला मनाई लिहिलेली नाही," ते म्हणाले, आणि उठून आतून ताकाचा पेला घेऊन आले. वारा होता आणि पानाचा उजवा कोपरा उडत होता, म्हणोन तो पेला त्यांनी कोपऱ्यावरच ठेविला, आणि म्हणाले, "सावकाश सांगा. माझी आई पण अशीच रांगोळी शिकायची, दुसऱ्याच्या दारात उभी राहून." म्हाळसाबाईंनी रेघ न् रेघ बोटास सांगितली, पुन्हा सांगितली, मग ताक पिऊन, पंतांस नमस्कार करून उठल्या. उतरताना कोणाशी बोलिल्या नाहीत, की बोलता बोलता रेघ सांडेल. पाणपोईपाशी सुभानरावांनी पुसिले, "मिळाला?" तर बोट दाखवून म्हणाल्या, "इथं आहे," आणि एसटीत सारा वेळ मुठीत मूठ धरून बसल्या. सुभानराव खिडकीतून बाहेर पाहत राहिले. मनात म्हणाले, झाले, हिला ऊन लागले.

दुसरे दिवशी खंडेनवमी. राज्यातील सारी आयुधे पूजेस मांडिली होती आणि वेशीशी प्लास्टिकच्या गालिच्याच्या गुंडाळ्या येऊन पडल्या होत्या, जणू शत्रूच्या तोफा. म्हाळसाबाईंनी रथशाळेची फरशी धुतली, गोपद्मे काढिली, आणि त्यांचे शेजारी रथाचा नकाशा रेखावयास बसल्या. लाल तारेस लाल रांगोळी, पिवळीस हळद, पांढरीस पांढरी, आणि काळीस बुक्का. बोट सुटले ते थांबेना. रेघ चिमटीतून पडावी आणि भुईनेच ती मागितलेली असावी, ऐसे वाटे. सुभानराव दाराशी उभे राहून पाहत होते. उभ्या उभ्या त्यांचे तोंड उघडे राहिले. इतकी वर्षे ही बाई अंगणात बसून रेघा काढते, आणि आपण त्या ओलांडून रथाकडे जात होतो!

मग दोघे मिळोन तारा जोडू लागले. सुभानराव बैठकीखाली डोके घालून पुसत, "ही लाल कुठं जाते?"

"किल्लीकडं. पण आधी फ्यूजच्या दारातून. आल्यागेल्याला दारात पाय धुवावे लागतात तसं."

"आणि काळी?"

"ती रथाच्या अंगाला टेकते. पुढं जात नाही. तिचं घर तेच."

"पांढरी?"

"बैठकीखाली. स्वार बसला की ती जुळते, उठला की तुटते."

"ते मला ठाऊक आहे. उतरलो की थांबतो रथ. पण ते हिच्यामुळं, हे आज कळलं." आणि चिकटपट्टी दाताने तोडून लाविली.

शेवटली तार जुळली आणि रांगोळीची रेघही सरली. सुभानरावांनी गणरायाचे नाव घेऊन किल्ली फिरविली. फट्! एक ठिणगी, जळका वास, आणि शांतता. फ्यूज गेला. नवा घातला, पुन्हा फिरविली. फट्! तोही गेला. आता डबीत एकच उरला. सुभानरावांचा धीर सुटला. बैठकीवर मूठ आपटून म्हणाले, "गोपद्मं काढण्याचा कागद नव्हता तो, म्हाळसे! तो विजेचा होता! उगीच मी बाईमाणसाच्या बोटावर विसंबलो. जा, स्टूल पुसून ठेव, उद्यापासून लागेल." बोलून गेले आणि मग आपल्याच बोलण्याची लाज वाटून भिंतीकडे तोंड करून बसले.

म्हाळसाबाईंनी उत्तर दिले नाही. व्रतात रागावणाऱ्यास उत्तर देऊ नये, आणि व्रत नसते तरी दिले नसते. रांगोळीपुढे बसल्या आणि डोळे भरून पाहू लागल्या. रांगोळी सुरेख होती. डावीकडे लाल रेघ वर चढत होती, उजवीकडेही तशीच एक लाल रेघ वर चढत होती. तराजूसारखी जोडी साधली होती. आणि येथेच मन अडखळले. जोडी? कागदावर जोडी होती काय? रांगोळी घालणाऱ्या बाईचे हातास एक बाजू भरून दुसरी मोकळी सोडणे ठाऊकच नसते. डावीकडे पाकळी काढिली की उजवीकडची आपोआप निघते. मग ही उजवी लाल कागदाने सांगितली, की बोटाने पदरची घातली? डोळे मिटिले. पान आठविले. उजवा कोपरा आठविला, तो तेथे पेलाच दिसे. हाय, पेल्याखाली काय होते? रेघ असेल तर? मग आठविले की ताक पिण्यास पेला उचलिला होता, आणि खाली ओलीचे गोल वळे उमटले होते, आणि त्या वळ्याचे आत आणि बाहेर कागद कोराच होता, शुभ्र. तेथे काही नव्हते. त्यांनी स्वतःच तेथे ती रेघ घातली होती, आणि तिच्यापायी सुभानरावांनी जिवंत लाल तार नेऊन रथाच्या उघड्या अंगास जोडिली होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "चूक माझी आहे. उजवी लाल काढा. ती त्या कागदात नाही, माझ्या हातात होती."

सुभानरावांनी मागे वळून पाहिले. म्हाळसाबाईंनी पदराचे टोक घेऊन उजवीकडची रेघ पुसिली. रांगोळी एका अंगाने रिकामी जाहली, आणि त्यांस क्षणभर दात पडल्यासारखे वाटले. परंतु तैसीच राहू दिली. सुभानरावांनी तार काढिली, शेवटला फ्यूज घातला, रथावर बसले, हात जोडिले आणि किल्ली फिरविली. रथ एकदा खोकला, दोनदा खोकला, आणि मग असा गर्जिला की छपरावरील पारवे उडाले, भिंतीच्या बिळांतून उरलेसुरले उंदीर निघोन वेशीकडे पळाले, आणि दारातून त्रिंबकपंत प्रधान धावत आले. ते गालिच्याची मापे घेण्यास आले होते. हातातील फीत तशीच लोंबत राहिली. रांगोळी पाहिली, रथ पाहिला, पुन्हा रांगोळी पाहिली. बोलिले, "ही उजवी बाजू मोकळी का?"

"तिथं काही नाही, पंत," म्हाळसाबाई म्हणाल्या. "नाही तिथं नाहीच ठेवायचं असतं. मलाही आजच कळलं."

पंतांनी चपला काढिल्या, रांगोळीस वळसा घालून आत आले आणि म्हणाले, "सुभानराव, उद्या दरबारासमोर चालवावा लागेल. बंद पडला तर मला दोष देऊ नका. पण बंद पडू नये असे मला वाटते, हेही सांगून ठेवतो."

दसरा उजाडला. दुपार कलता दरबार हिरवळीच्या कडेस जमला. एका बाजूस महाराज, मानकरी, आपट्याचे ढीग. दुसऱ्या बाजूस प्लास्टिकच्या गुंडाळ्या. आणि मध्ये पोटरीभर गवत वाऱ्याने हालत. स्त्रियांमध्ये मागील रांगेस म्हाळसाबाई उभ्या होत्या. सुभानराव रथावर आले, महाराजांस मुजरा केला आणि गवतात शिरले. एक पट्टा गेला, सरळ. दुसरा त्याचे शेजारी आला. कापलेल्या गवताचा ओला वास उठला, तेव्हा महाराजांनी डोळे मिटोन श्वास घेतला, आणि ज्यांनी ज्यांनी पाहिले त्यांनी मनात समजोन घेतले. तिसऱ्या पट्ट्यास रथ हिरवळीचे मध्यावर आला आणि सुभानराव एकाएकी उभे राहून खाली उतरले. रथ तत्काळ मुका जाहला. दरबारात हाय हाय उठली. पंत ओरडिले, "बंद पडला!"

"नाही पडला, पंत," सुभानराव मोठ्याने म्हणाले. "स्वार उतरला की थांबतो. त्याची रीत आहे."

"मग उतरलात कशाला? दरबार उभा आहे!"

सुभानरावांनी चालावयास आरंभ केला. साऱ्या दरबारासमोर, महाराजांसमोर, त्या मोकळ्या मैदानातून लंगडत, मान वर ठेवून चालले, आणि बायकांच्या घोळक्यापाशी येऊन थांबले. म्हणाले, "चल."

म्हाळसाबाई लाजेने अर्ध्या जाहल्या. "अहो, काय हे! लोक पाहतायत. मला कुठं येतंय ते?"

"सरळ रेघ येते ना?"

"ती रांगोळीची."

"मग तेवढीच हवी. काल बोललो ते बोललो. आता चल, नाहीतर मी इथंच उभा राहीन, आणि माझा पाय दुखेल."

तेव्हा म्हाळसाबाईंनी निऱ्या खोचिल्या, हिरवळीस हात लावून तो कपाळास लाविला, आणि रथावर चढून बसल्या. सुभानरावांनी पायाशी कोणता ब्रेक आणि हाताशी कोणती किल्ली ते दाखविले. रथ गर्जिला. म्हाळसाबाईंनी पुढल्या टोकावर एक ठिपका मनात धरिला आणि त्यावर नजर ठेवून निघाल्या; रथ हळूहळू, न डगमगता, मैदानाचे या टोकापासून त्या टोकास गेला, आणि मागे जो पट्टा उठला तो ऐसा की चिमटीतून सोडावा. कोणी टाळी वाजविली, मग सारे वाजवू लागले, आणि सर्वांहून मोठी टाळी मैदानात एकट्या उभ्या असलेल्या सुभानरावांची होती.

महाराज उठले. पायातील जोडे काढून नव्या कापल्या गवतात दोन पावले चालले आणि प्रधानांस म्हणाले, "पंत, तुमच्या गुंडाळ्या परत धाडा. हे वाढू द्या. वाढेल तितके कापणारे आपल्याकडे आहेत." पंतांनी मुजरा केला आणि पहिले आपट्याचे पान महाराजांस देण्याचा मान आपला असता तोही विसरून, ते पान नेऊन सुभानरावांचे हाती दिले.

ऐसे हे वर्तमान. पोथी नदीने नेली, तारा उंदरांनी नेल्या, आणि नकाशा एका बाईने पाहून आणिला. हिरवळ राहिली, स्वार राहिला, आणि सांप्रत त्या रथास स्वार दोन आहेत. जे घडले ते लिहिले. अधिकउणे गणराया जाणे. शुभं भवतु.